चाखल्याचा वाडगा

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याचं बायकोशी चाललेलं भांडण त्याच्या लेकीने भिंतीआडून ऐकलं.

“रक्तातली साखर उतरली नाही तर कँटीनची चूल सोडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तरी चोरून खाताच ना?”

“अगं, दोन वेळा जेवतो, तेही अर्धपोटी. चोरून खायला मी काय मांजर आहे?”

“मांजर बरं, ते मिशा तरी पुसतं.”

दुसऱ्याच दिवशी लेकीने त्याला नोंदणीकृत आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी काहीच बंद केलं नाही. म्हणाल्या, “काका, उद्या जेवढं चाखाल, तेवढंच एका वाडग्यात काढून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्सा, भात, गोडधोड मिळून वाडगा काठोकाठ भरला. “एवढं नुसतं चाखण्यातच पोटात जातं होय!” आचारी म्हणाला.

मग बाईंनी त्याला सकाळची पोटभर न्याहारी लावून दिली, चाखायला डावाऐवजी चहाचा चमचा दिला आणि दर महिन्याला साखर तपासून त्याप्रमाणे खाण्याचा मेळ बसवून दिला. डॉक्टरांची गोळी चालूच होती. हळूहळू साखर आटोक्यात आली आणि चूल काही सुटली नाही.

पुढची नऊ वर्षं त्याने रोज चारशे माणसं जेवू घातली. निवृत्तीच्या दिवशीही तो भाजीबाजारात गेला, कोबी दाबून पाहिले, हुज्जत घालून दोन परत केले आणि पिशव्या कँटीनमध्ये पोचवल्या.