आत्या का नांदली नाही

माझा धंदाच मुळी लोकांचं वय विचारण्याचा. बावीस वर्षं विमा एजंट आहे. मुकुंदवाडी ते चिकलठाणा या पट्ट्यात असं घर सापडणार नाही जिथं चहा हातात पडायच्या आत मी जन्मतारीख विचारलेली नाही. बायकांनाही विचारतो आणि त्या सांगतात. एवढं असून माझ्या घरात पन्नास वर्षं माझ्याबरोबर राहिलेल्या बाईचं खरं वय मी कधी विचारलं नव्हतं. ती माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे, म्हणजे कार्ड काढणाऱ्या पोराने ठोकून दिलेली. ती स्वतः एवढंच सांगायची की पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सालच्या वेळी ती कडेवर होती. माझ्या आईचा बराचसा दिवस रानात जायचा, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालणारी हीच.

आत्या नांदली नाही. आमच्या घरात हे वाक्य दुःखाने कुणी म्हणत नसे. ती सासरहून तीनदा पळून आली, शेवटी त्या लोकांनी दुसरी बायको केली आणि ही कायमची माहेरी राहिली. आणि का पळून आली? तर म्हणे, सासरचा रांजण उंच होता. बस, एवढंच कारण. पाण्याचा रांजण उंच म्हणून हिने नवरा सोडला!

ही गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा आमच्या भावकीत कुणी नव्हता. लग्नात, बारशाला, हळदीच्या मांडवात लोक मला धरून बसवायचे. मी बायकोचा पदर डोक्यावर घ्यायचो, कमरेवर हात ठेवून आत्यासारखा तरातरा चालायचो, तीन कोस पायी येऊन आजोबांसमोर उभी राहिलेली आत्या करायचो आणि मग मान वेळावून म्हणायचो, ‘रांजण लई उंच हाये त्यांचा.’ लोक पोट धरून हसायचे. घरात कुणी कामाची टाळाटाळ केली की आम्ही विचारायचो, काय, रांजण उंच झाला का? माझी मुलगी लहानपणी शाळेत जाताना रडायची, तर तिलासुद्धा हेच ऐकवलं आहे. आत्या पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसायची. माझ्या डोळ्यांसमोरची ती नवरी वीस-बावीस वर्षांची, हाडापेराने मजबूत आणि तोंडाने फाटकी होती.

दुसरी गोष्ट आजोबांची. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. देवगाव रंगारीच्या पुढे आमचं गाव आहे, तिथल्या समाजमंदिरात आबांचा फोटो लावलेला आहे, कारण आमच्या वस्तीत मुलीला शाळेत घालणारा पहिला माणूस तो. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला कुणी ना कुणी हे भाषणात सांगतं. मीही सांगितलं आहे. सकाळी भाषणात आबांची शाळा आणि संध्याकाळी ओसरीवर आत्याचा रांजण, असं एकाच दिवशी दोन्ही सांगितलं आहे. शाळेत घातलेली मुलगी आणि पळून आलेली बायको एकच आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्या दोघींना कधी शेजारी उभं केलं नव्हतं, इतकंच.

यंदा मुलीला फार्मसीला जागा मिळाली. जागा राखीव, त्यामुळे जात पडताळणीचा दाखला पाहिजे आणि तो ठरलेल्या दिवसाच्या आत दिला नाही तर जागा जाणार. समितीला जुना पुरावा लागतो, तोही बापाच्या बाजूचा, जितका जुना तितका चांगला. आबा शाळेत गेलेच नव्हते. वडिलांची नोंद बरीच नंतरची निघाली. आबांच्या शाळेची गोष्ट ऐकून वकील म्हणाले, तुमची आत्या शाळेत होती ना, तिची नोंद आणा, तिचं शपथपत्र जोडू, काम होऊन जाईल. वंशावळीत तोपर्यंत आत्याचं नावसुद्धा मी घातलं नव्हतं. मुलीबाळी कोण घालतं वंशावळीत?

एका मंगळवारी एसटीने गावी गेलो. शाळेत नव्या मुख्याध्यापिका आहेत, फार भल्या बाई. त्यांनी कपाटातून दाखलखारिजचं जुनं रजिस्टर काढून दिलं. कुठल्या मुलाचं नाव कधी घातलं आणि कधी, का काढलं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. कडेने वाळवी लागली होती, पण मधला मजकूर शाबूत होता. अर्ध्या तासात आत्याची ओळ सापडली. पालक म्हणून आबांचं नाव, जात स्पष्ट अक्षरात. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच मुलीला फोटो पाठवला आणि लिहिलं, काम झालं.

मग सवयीने माझं बोट जन्मतारखेवर गेलं. तिथून शाळा सोडल्याच्या तारखेवर. वजाबाकी आपोआप होते, बावीस वर्षं तेच केलं आहे. नऊ वर्षं चार महिने. शाळा सोडल्याचं कारण, लग्न.

मी मोबाइलवर परत करून पाहिलं. तरी नऊच. मला वाटलं मास्तरने जन्मतारीख अंदाजे टाकली असेल, जुन्या काळी सगळ्यांचीच एक जून टाकायचे. म्हणून वरखाली पाहिलं. खरंच, त्या पानावर बाकी सगळ्यांची एक जून होती. आत्याची दिवाळीच्या आसपासची होती. मी बाईंना विचारलं, हिचीच वेगळी कशी? त्या सहज म्हणाल्या, ज्यांच्या घरच्यांनी नक्की तारीख सांगितली त्यांची तशी लिहीत असतील. घरचे म्हणजे आबा. आपली पोरगी किती वर्षांची आहे हे त्या माणसाला दिवसासकट माहीत होतं.

उताऱ्याची नक्कल घेतली, बाईंनी सही-शिक्का दिला, मी आभार मानले की नाही तेही आठवत नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि ती गोष्ट, माझी गोष्ट, पहिल्यापासून डोक्यात चालू झाली. फक्त आता तिच्यात नऊ वर्षांची मुलगी होती. ती रांजण भरत होती. आडावरून घागर आणायची आणि रांजणाच्या तोंडापर्यंत उचलून ओतायची. उंच होता तिला तो रांजण! ती खरंच बोलत होती. तक्रार करत होती ती, आणि आम्ही सत्तर वर्षं तिच्यावर हसत होतो. नऊ वर्षांची असताना माझी मुलगी बेसिनपाशी स्टूल घेऊन दात घासायची. मला माझं ते पदर घेऊन तरातरा चालणं आठवलं. मला माझी शरम वाटली, आबांचा संताप आला, आणि बसस्टँडला उतरल्यावर घरी जायची हिंमत होईना म्हणून मी कॅन्टीनमध्ये दोन वेळा चहा घेतला.

घरी पोचलो तर आत्या पलंगावर बसून तूर निवडत होती. बायको आत, मुलगी अभ्यासाला बसलेली. मी शपथपत्राचं सांगितलं. उद्या वकिलाकडे येऊन एक सही करायची, ही नोंद माझीच आहे म्हणून. आत्या म्हणाली, वाच काय लिवलंय. मी वाचत गेलो. तिचं नाव, आबांचं नाव, जात, जन्मतारीख. शेवटी कारणाचा रकानाही वाचला. तिने सूप बाजूला ठेवलं आणि सही करणार नाही म्हणाली.

आधी मला वाटलं कोर्टाची भीती असेल. मी समजावलं की कोर्ट नाही, नुसता कागद आहे. तिने विचारलं, हा कागद किती साहेब वाचतील. म्हटलं, तीन-चार. आबाचं नाव त्यात राहणारच का? म्हटलं, राहणारच, तेच तर दाखवायचं आहे. मग नाय, ती म्हणाली. मुलीची जागा जाईल म्हणून सांगितलं, तरी तिची मान हलत राहिली.

तेव्हा माझा तोल गेला. ज्या बाईची आयुष्यभर नक्कल केली तिच्यावरच ओरडलो. म्हणालो, कुणाला वाचवतेस तू? त्यांना तुझं वय पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तारीख सांगितली होती मास्तरला. नऊ वर्षांची होतीस तू.

मी तिला एखादी नवी गोष्ट सांगतोय असं आत्याच्या तोंडावर काहीच नव्हतं.

‘नऊ नाय,’ ती म्हणाली. ‘आठ. नऊ तर नाव काढलं तव्हा.’

मग तिने सांगितलं. लग्न झालं, सासरी पाठवली, पण मास्तरने वर्षभर तिचं नाव पटावर ठेवलं होतं. कारण ती सारखी परत यायची. पळून आली की घरी जायचीच नाही, थेट शाळेत जाऊन तिसरीच्या पोरांत बसायची. आबा तिला तिथून न्यायचे, घरी दोन दिवस ठेवायचे आणि सासरी सोडून यायचे. आमच्या गोष्टीत ती आबांसमोर येऊन उभी राहते. शाळा त्या गोष्टीत नव्हतीच.

मी विचारलं, मग रांजण?

रांजण होताच, ती म्हणाली. ती गोष्ट पहिल्यांदा तिनेच सांगितली होती, रानात खुरपताना बायकांना. बायका हसल्या. मग ती तीच गोष्ट सांगत राहिली, पुढे माझे वडील सांगायला लागले, नंतर मी. मी म्हटलं, आत्या, तू आम्हाला थांबवलं का नाहीस?

‘लोकं हसत व्हते तवर माझं वय कुणी इचारलं नाय,’ ती म्हणाली. ‘आबाला बी कुणी काय म्हणलं नाय.’

पदर डोक्यावर घेऊन मी जे करत होतो ते तिला पाहिजे होतं. मी मोठा हसवणारा म्हणून मिरवलो, आणि खरं तर आबांवर पांघरूण घालायला तिने मला ठेवून घेतलं होतं. याचाही मला धक्काच बसला, आणि रागही आला, पण कुणावर ते कळेना.

शेवटच्या वेळी काय झालं, ते मी न विचारता तिने सांगितलं. तिसऱ्यांदा ती येऊन वर्गात बसली होती. आबा दारात आले. मास्तर चांगला माणूस होता, तो आबांना म्हणाला, बोला, पोरीचं नाव ठेवू का काढू? आत्या पाटीवर खाली मान घालून ऐकत होती. आबा म्हणाले, काढा. पुढे चार-सहा महिन्यांत सासरच्यांनी दुसरी केली आणि ही कायमची घरी आली, तेव्हा दहाचीही नव्हती. मी विचारलं, मग परत शाळेत का नाही गेलीस?

‘लगीन झालेल्या पोरीला कोण घालतंय शाळंत,’ ती म्हणाली आणि सूप परत मांडीवर ओढलं.

मुलगी आतल्या दारात उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही. ती येऊन आत्याच्या पायाशी बसली. तिने नीट सांगितलं की आजी, तू सही करू नको. मला नको ती जागा. माझं नाव काढतील तर काढू दे, मी दुसरं काहीतरी शिकेन.

आत्याचा हात तुरीतच थांबला. एवढ्या वर्षांत मी तिला पोरीवर चिडलेलं पाहिलं नव्हतं. ती त्या वेळी चिडली.

‘आबानं माझं काढलं,’ ती म्हणाली. ‘आता तुझं म्या काढू व्हय?’

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, वकिलाचं ऑफिस किती वाजता उघडतं. मी दहा म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा आठ वाजले होते, आणि आत्या चपला घालून दारात बसलेली होती.