शिफारसपत्र आणि रिकामा बंगला

माझ्या मुलीला लष्करी अकादमीत जायला कुणाच्याही शिफारशीची गरज नव्हती. मी सोडून घरात सगळ्यांना हे माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात सई लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मी इंटरनेटवर वाचलं की अकादमीसाठी खासदाराचं पत्र लागतं.

"बाबा, ते अमेरिकेत! इथे तसलं काही नसतं यार."

"वीस वर्षं सरकारी नोकरीत आहे मी. कागद लागत नाही असं या देशात काही नसतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला न सांगता, एक अर्ज आणि तिची दहावीची मूळ गुणपत्रिका घेऊन मी दिल्लीतल्या आमच्या सरोजिनी नगरहून ऑटोने एका खासदारांच्या बंगल्याकडे निघालो. (झेरॉक्स नेली असती तर ही आठवण इथेच संपली असती.) धुकं असं, की ऑटोवाल्याची पाठसुद्धा अंदाजानेच दिसत होती. बंगल्याचं एक लहानसं फाटक उघडं सापडलं. आत चिटपाखरू नाही. दिवाणखान्यात पांढऱ्या चादरी घातलेल्या खुर्च्यांची रांग. प्रत्येकीत कुणीतरी बसल्यासारखं! भिंतीवरचं घड्याळ बंद, तरी टकटक ऐकू येत होती. (माझे दात.)

"आइए..."

पावलं वाजलीच नव्हती. वळलो तर पांढरी शाल, पांढऱ्या भुवया, एक म्हातारे गृहस्थ. "बहुत दिनों बाद कोई आया."

थंडगार बोटांनी त्यांनी कागद घेतले, "साहब के सामने रख दूँगा" म्हणाले आणि आतल्या अंधारात विरून गेले. मी अर्धा तास थांबलो. मग एका खुर्चीवरची चादर हलली, आणि मी थेट रस्त्यावर!

संध्याकाळी सईने फाइल उघडली. "बाबा, मार्कशीट कुठेय? परवा ओरिजिनल दाखवायचीय!"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे पहाटेचा गजर लावला.

सकाळी दोघं गेलो. कालचं लहान फाटक धुक्यात सापडेना, मोठ्या फाटकाला गंजलेलं कुलूप. शेजारच्या बंगल्याचा चौकीदार म्हणाला, "साहब तो चुनाव हारकर कब के चले गए. अंदर कोई नहीं रहता."

"सई," मी कुजबुजलो, "त्यांची पावलं सुलटी होती की उलटी, मी बघितलंच नाही गं!"

"तू इथेच थांब." ती फाटकावर चढली आणि पलीकडे धुक्यात नाहीशी झाली. मी रामरक्षा सुरू केली. दुसऱ्या ओळीपुढे आठवेना!

दहा मिनिटांनी बाजूच्या गल्लीतून दोन आकृत्या आल्या. एक सई. दुसरे ते! पायात जाड लोकरीचे मोजे. साहेबांचे जुने पीए. किल्ली अजून त्यांच्याकडेच, म्हणून रोज सकाळी मागच्या त्याच लहान फाटकाने येऊन टपाल बघायचे. माझे कागद त्यांनी खरोखरच साहेबांसमोर ठेवले होते, साहेबांच्या फोटोसमोर.

"बिटिया फाटक फाँदकर आई," ते कौतुकाने म्हणाले, "और आप?"

मला नेमकी तेव्हाच रामरक्षेची तिसरी ओळ आठवली.

सईची निवड झाली. त्या दिवशी गुणपत्रिकेबरोबर माझा अर्जही परत मिळाला होता, वर पीएंचा सहीशिक्क्यानिशी शेरा: "कन्या सर्वथा योग्य. पिता की सिफ़ारिश नहीं की जा सकती."