मुर्रीला नाल्याकाठचा पालक पाहायला

मुर्रीला पोचली, तर सगळ्यात आधी टपकली ती बहिणीच्या शेजारची वत्सला. माझ्या पायातल्या चपला निघाल्या नाहीत, तोच तिनं सांगून टाकलं, "तुमच्या सगुणाच्या पालकाची तपासणी होऊन राहिली, कॉलेजवाले येतात." जशी मी अर्जुनीहून हवा खायलाच आली होती. सगुणा माझी धाकटी बहीण. तिनं फोन केला म्हणूनच तर निघाली.

तुम्हाला यायचं असेल तर सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट किरकोळ, खिडकीतलं जंगल फुकट. गोंदियाला स्टेशनबाहेर गरम समोसा खा, अन् मुर्रीच्या ऑटोचा भाव आधीच करा. माझ्याकडून त्यानं रेल्वेपेक्षा जास्त घेतले, वर "अम्माजी, बैठिए" म्हणून मान दिला. मानाचेच असतील.

सगुणाच्या वावरात गोंदियाचं सांडपाणी नाल्यातून इंजिनानं चढते. पालकाची पानं अशी रुंद, की पाहणारा खूश. यंदा मात्र मेथी पिवळी पडली, मातीवर पांढरी खपली धरली, फावडं मारलं की वास येते. ही जमीन पेरायच्या कामाची राहिली का गेली, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, म्हणून तिनंच कॉलेजवाल्यांना बोलावलं. विहिरीजवळ एक छोटा वाफा आहे, तो घरच्यांसाठी. इथं ज्याच्या-त्याच्याकडे असा वाफा आहे. शहराला नाला, घराला विहीर. काय सोय लावली आहे.

दुपारी कॉलेजचे एक सर अन् दोन पोरी आल्या. पाहुणे येणार म्हणून आमच्या बाईसाहेबांनी नाल्याचा सगळा पालक पहाटेच कापून बाजारात धाडलेला, वाफा अंगणासारखा साफ. माती सरांनी स्वतः खणून घेतली. पाला मागितला, तर हिनं पिशवी भरली ती विहिरीजवळून. मी हळूच म्हटलं, काऊन गं?

"पाहुण्यायले नाल्याचा पाला कसा देऊ, बाई?"

पिशवीवर नाव लिहिता लिहिता एका पोरीनं सहज विचारलं, "मावशी, तुम्ही घरी हाच पालक खाता?"

"हाच," सगुणा कौतुकानं म्हणाली.

"अन् बाजारात पाठवता तो?"

सगुणानं कापलेल्या बुडख्यांकडे पाहिलं. सरांचा चहा हातातच राहिला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, बुडख्यांना नवा फुटवा आला की कापू नका, आम्हाला तपासायला तोच लागेल.

"आता कापून धाडू तरी कोणाले?" सगुणा म्हणाली.

फिरणं झालं, पोटभर बोलणं झालं, मजा आली. निघताना तिनं हातात पालकाची जुडी दिली. ती कुठल्या वाफ्यातली, हे मी सख्ख्या बहिणीला विचारलं. तेवढं विचारायला नको होतं, मनाला लागून राहिलं. सर अन् पोरी होळीनंतरच्या गुरुवारी परत येतो म्हणाले आहेत.