शंभर टक्के हिरवं

गणिताच्या बाईंची नोकरी अठ्ठावीस वर्षांची, पण "समजलं का?" हा प्रश्न त्यांनी वर्गाला कधी विचारला नाही. त्याचं खरं उत्तर मिळत नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्या सरळ एक गणित घालायच्या आणि बाकांमधून फिरत वह्यांत डोकावायच्या.

मग वर्गात मोठा पडदा आला आणि प्रत्येक मुलाच्या हातात दोन बटणांचा रिमोट. समजलं तर हिरवं, नाही तर लाल. सगळा वर्ग हिरवा झाल्याशिवाय धडा संपायचाच नाही. ही अक्कल कुणाची, विचारू नका. त्या गृहस्थाने चाळीस मुलं एका खोलीत कधी पाहिली नसावीत. हिरवं दाबलं की धडा संपतो आणि धडा संपला की मैदान, एवढं गणित मात्र मुलांना दुसऱ्याच दिवशी सुटलं. सातवी 'ब' अपूर्णांक असे फटाफट समजून घेऊ लागली की हेडसरांचा ऊर भरून आला.

फक्त एक मुलगी रोज लाल दाबायची.

"बाई, गुणलं की वाढायला पाहिजे ना? मग अर्ध्याला अर्ध्याने गुणून पाव कसं येतं?"

प्रश्न लाख मोलाचा होता. पण मैदान हुकलेल्या एकोणचाळीस जणांनी तिचं नाव 'सिग्नल' ठेवलं आणि हेडसरांनी मेकॅनिक बोलावला. त्याने सेल बदलले. लाल. रिमोट बदलला. लाल. शेवटी मुलीचा बाक बदलला, तिथेही लालच लागल्यावर बिचाऱ्याने हात टेकले.

शुक्रवारी वरचे साहेब वर्ग बघायला येणार होते. हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. "शंभर टक्के दिसलं पाहिजे बाई. नाहीतर वर्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. तुम्ही वाचनालय सांभाळा, शांतता असते तिथे."

घरी नवरा म्हणाला, "दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. कशाला उगाच वाकड्यात शिरतेस?"

शुक्रवारी पडदा एकोणचाळीसवर अडला. साहेब घड्याळ बघायला लागले, हेडसर बाईंकडे. बाई मुलीजवळ जाऊन वाकल्या.

"दाब गं हिरवं. नंतर समजावते तुला."

"पण बाई, मला नाही समजलं."

"माहितीये मला. दाब."

मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दाबलं. पडद्यावर रंगीत फुगे उडाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मुलं मैदानाकडे पळाली. बाईंचा वर्ग वाचला, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मुलीला थांबवून घेतलं. कागदाची घडी घालून अर्धा भाग दाखवला, मग त्या अर्ध्याचा अर्धा.

"समजलं बाई," मुलगी म्हणाली.

"अगं, मी अजून विचारलंय कुठे?"

बाईंनी एक गणित घातलं. मुलीने भराभर उत्तर लिहून वही पुढे केली. साफ चुकलं होतं.

"हे का चुकलं, ते विचार की मला," बाई जवळजवळ विनवण्या करत म्हणाल्या.

"नको बाई," मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "मला समजलंय."