म्हशीला पटलेला सायलेन्सर

नागापूरच्या एमआयडीसीत माझं काम ऐकण्याचं आहे. तयार झालेला गिअरबॉक्स फिरवायचा, कान लावायचा आणि आत कुठे दाता घासतोय का ते सांगायचं. त्यासाठी मशीन आहेच, पण मशीनला शंका आली की मला बोलावतात. वीस वर्षं हे केल्यावर माणसाला आपल्या कानाचा थोडा माज येतो. मला जरा जास्तच आला होता.

त्यामुळे बुलेटचा सायलेन्सर खालून गंजून फाटला, तेव्हा नवा मी डब्यावरचं नाव वाचून घेणार नव्हतो. एका रविवारी केडगावच्या दुकानात गेलो. तिथे आवाज ऐकवायची पद्धत आहे. दुकानदार एकेक सायलेन्सर गिऱ्हाइकाच्याच गाडीला एका बोल्टवर नुसता अडकवतो, गाडी चालू करतो आणि बाजूला होतो. मग तुम्ही ऐकायचं. शेजारचा पंक्चरवालाही ऐकतो, चहावालाही ऐकतो, रस्त्याने जाणारा थांबून मत देऊन जातो. ज्याला ‘पंजाबी’ म्हणतात तो घुमतो, ‘इंदोरी’ तोडून तोडून बोलतो. फटाके फोडणारे मी न ऐकताच बाजूला सारले; ती हौस असणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस शेवटी रोलरखाली घालतात. गाडीकडे पाठ करून, डोळे मिटून मी अकरा ऐकले आणि नववा घेतला. आवाज खालच्या पट्टीतला, संथ, कुठेही घाई नाही.

“पाटलाची गाडी वाटती आता,” चहावाला म्हणाला. जुना मी तिथेच टाकून दिला.

आमची वस्ती सोनईच्या अलीकडे, पाटाच्या कडेला. तिथे आम्ही दोघंच, आई आणि मी, आणि गोठ्यात एक म्हैस. तिचं रेडकू जन्मल्यावर आठवड्यातच दगावलं होतं. रेडकू नसलं की म्हैस सहसा पान्हवत नाही, दूध चढवून धरते. पण मी रोज संध्याकाळी घोडेगावातून पेंड घेऊन यायचो आणि आल्याआल्या तिच्यापुढे ठेवायचो. पेंडीच्या आधी गाडीचा आवाज यायचा. पंधरा दिवसांत तिने दोन्हींची सांगड घातली. गाडी पाटाच्या पुलावर आली की तिची कास भरायची आणि आई बादली घेऊन बसायची. सकाळीही कामावर निघण्याआधी मी गाडी चालू करून ठेवायचो, की झालं. संध्याकाळी मी फाटकातून आत येईपर्यंत आईची धार सुरू झालेली असायची. ती मान न वळवता विचारायची, “आलास?” मी हो म्हणायचो. बोलणं तेवढंच.

त्या रविवारी नव्या आवाजात आलो, तर आई अंगणात उभी होती, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत.

“कोन हाय?”

“मीच.”

“मला वाटलं कुनी पुढारी आला,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो.

म्हैस मात्र हे हसण्यावारी न्यायला तयार नव्हती. तिने पेंड खाल्ली, सगळी खाल्ली, आणि दूध दिलं नाही. आई कास चोळत बसली. तांब्याभरही निघालं नाही. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. शेजारची काकू येऊन सांगून गेली, “इंजेक्शन टोचा, न्हाईतर शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात उभी करा. आटली की कुनी इचारनार न्हाई.”

पान्ह्याचं इंजेक्शन आईने कधी गोठ्यात येऊ दिलेलं नव्हतं. “लेकरू गेलंय तिचं. वरून सुई टोचायची व्हय?” असं ती म्हणायची. म्हणजे उरला बाजार. ही म्हैस तिने वगार असल्यापासून वाढवली होती. मंगळवारी आई जेवली नाही. भूक नाही म्हणाली. मला राग आला, आधी म्हशीचा आणि मग स्वतःचा.

माझ्या मोबाईलमध्ये जुन्या आवाजाचा एक व्हिडिओ होता. बुधवारी सकाळी तो मोठ्याने गोठ्यात लावला. म्हशीने एक कान हलवला, मोबाईलकडे पाहिलं आणि कडब्याची पेंढी ओढली.

कुंपणापलीकडून काकू म्हणाली, “गाढवापुढं वाचली गीता.”

“गाढव कोन त्ये बघ आधी,” आई म्हणाली.

पहिली पाळी सुटल्यावर मी सरळ केडगाव गाठलं.

“भाऊ, पटला न्हाई का?” दुकानदाराने विचारलं.

“जुना पाहिजे.”

दुकानामागे भंगाराचा ढीग होता. त्यात माझ्यासारख्याच गाडीचे, तसेच खालून फाटलेले दोन निघाले. माझा कोणता, ते पाहून सांगता येईना. दुकानदाराने पद्धतीप्रमाणे एकेक अडकवला. पंक्चरवाला आणि चहावाला हजर झाले. “लोक चांगला आवाज हुडकायला येत्यात, ह्यो मानूस फाटका हुडकतोय,” चहावाला म्हणाला. मी पाठ केली, डोळे मिटले. पहिला, दुसरा, परत पहिला. जो आवाज पाच वर्षं माझ्या पायाशी होता, तो मला ओळखता येईना. गाडीवर बसणाऱ्याने स्वतःची गाडी लांबून येताना कधी ऐकलेलीच नसते, हे मला तिथे उभं राहून कळलं. शेवटी पहिल्यावर बोट ठेवलं, ठामपणे, कारण सगळे बघत होते.

पूल ओलांडून फाटकातून आत आलो. म्हैस कान टवकारून उभी होती आणि सडांतून थेंब गळत होते. पण आई बादलीपाशी नव्हती. अंगणात होती, कपाळावर हात धरून.

“अगं, म्हैस बघ की! पान्हवली.”

“दिसतंय मला.” ती जाऊन बसली. बादली भरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तिला फाटका आवाज पायजे, कुनाचाबी चालंल. ह्यो तुझा न्हाई.”

“तुला काय ठाऊक?”

“पाच वरीस कान लावून बसते मी. रस्त्यानं टेम्पो जात्यात, उसाचे टॅक्टर जात्यात. तुझी गाडी पुलावर आली की मग जीव खाली पडतो. ह्ये चार दिस रोज वाटतंय, दुसरंच कुनी आलं आन् तू रस्त्यात ऱ्हायलाय.”

मला लाज वाटली. चार दिवस मी फक्त म्हशीची समजूत काढत होतो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर परत केडगावला गेलो आणि दुसरा बसवून घेतला. या वेळी ऐकून बघितला नाही. संध्याकाळी फाटकातून आत शिरलो तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. आई म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होती. तिने मान वळवली नाही.

“आलास?”

“हो,” मी म्हटलं.