पार्ट आला नाही

ते मशीन पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी मी दुपारी जेवायलाही उठलो नाही. दुकान आणि घर एकाच भिंतीला लागून, मधे फक्त पडदा. बायकोनं हाका मारल्या, मग ताट झाकून ठेवलं आणि आपलं जेवून घेतलं.

वाशिममध्ये माझं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, गवत कापायची यंत्रं आणि लाकूड कापायचे कटर. कटर म्हणजे चेन सॉ, पण आमच्याकडे त्याला त्या नावानं कोणी ओळखत नाही. आता येतात ते नवे, हलके, प्लास्टिकच्या अंगाचे. एखाद-दोन हंगाम चालतात आणि मग पिस्टन जाम होतो. जुनी मशीनं आपणहून येत नाहीत, ती शोधावी लागतात. कधी लाकडाच्या डेपोच्या लिलावात मिळतात, कधी अकोल्याच्या भंगारात पत्र्याखाली दबलेली सापडतात. मी ती आणतो, रॉकेल-पेट्रोलनं धुतो, जमेल तेवढी जुळवतो आणि मागच्या खोलीत फळीवर मांडतो. बायको त्या खोलीला वृद्धाश्रम म्हणते. पाहुणे आले की सांगते, "ह्यायचे म्हातारे तिकडं ठेवले हायेत. बरे हायेत बिचारे, चहा मांगत नाई."

हे मशीन मात्र मी शोधलं नव्हतं. अनसिंगच्या पुढच्या एका खेड्यातला म्हातारा ते युरियाच्या पोत्यात घालून बसनं घेऊन आला. दारात उभा राहून त्यानं जयभीम घातला, पोतं खाली ठेवलं आणि म्हणाला की हिचा श्वास कोंडून राह्यला, चालू होते आन् मरते.

तरुणपणी तो मेळघाटात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे होता. ठेकेदारानं धंदा गुंडाळताना हे बिघडलेलं मशीन त्याला देऊन टाकलं. त्यानं ते दुरुस्त करून घेतलं आणि तेव्हापासून ते त्याच्याजवळ. कंपनीचं नाव घासून गेलं होतं. अंग मॅग्नेशियमचं. जड होतंच, पण दिसत होतं त्याच्या निम्मं. मुठीवरचा रंग उडालेला आणि जिथे बोटं बसतात तिथला धातू विहिरीच्या काठावरच्या दोराच्या खाचेसारखा गुळगुळीत झालेला. मी नकळत तिथे माझी बोटं ठेवली. बसली नाहीत. त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा होता.

कार्बोरेटर खोलला आणि मी जेवण विसरलो ते तिथे. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. गाडी आडवी पडली की इंजिन थोड्या वेळात बंद पडतं. लाकूड कापणाऱ्याला तर मशीन आडवं धरावं लागतं, उभं धरावं लागतं, ओंडक्याच्या खालून पालथं घालावं लागतं. म्हणून त्यात फ्लोट नसतोच. कांद्याच्या पापुद्र्याएवढा एक पातळ पडदा असतो. इंजिनाच्या पोटातल्या दाबानं असा एक पडदा धडधडतो आणि पेट्रोल ओढून घेतो, मशीन कसंही धरा. हे मला माहीत होतं. नव्या मशीनमध्ये रोज पाहतो, रोज बदलतो. पण कुणीतरी, कधीतरी, कुठल्याशा थंड देशात, जंगलात काम करणाऱ्या माणसाचे हात कसकसे वळतात ते नीट पाहिलं असेल आणि त्या हातांसाठी हा पापुद्रा बनवला असेल, हे मात्र त्या दिवशी प्रथम मनात आलं. मी तो बोटावर घेऊन उजेडात धरला. कडक होऊन मधोमध चिरला होता.

नवीन मशीनचा पडदा त्याला बसेना. भोकं जुळत नव्हती. मी फोटो काढून फोनवरच्या जुन्या मशीनवाल्यांच्या गटांत टाकले. परदेशातल्या एकानं नुसत्या सायलेन्सरच्या आकारावरून मशीन ओळखलं, पण पार्ट त्याच्याकडेही नव्हता. शेवटी केरळातला एक मिस्त्री भेटला, रबराच्या मळ्यांतली मशीनं दुरुस्त करणारा. त्याची हिंदी मोडकी, माझीही मोडकी. तो म्हणाला, आहे माझ्याकडे, पाठवतो, मशीन बोलायला लागलं की पैशाचं पाहू. ज्याचं तोंड पाहिलं नाही तो माणूस असं म्हणाला.

दरम्यान म्हातारा दर बाजाराला यायचा. भाजीची पिशवी बाकड्याखाली सरकवून बसायचा आणि विचारायचा, आला का पार्ट? नाही म्हटलं की तक्रार नाही. थोडा वेळ बसून बोलायचा. मी बोलत नाही फार, त्यामुळे त्याचंच बोलणं जास्त. त्यातूनच मला कळलं की त्यानं कटरचा धंदा असा केलाच नाही. शेताच्या धुऱ्यावरचं पडलेलं झाड कुणाला कापून दे, गोठ्याचे खांब कापून दे, एवढंच. मशीनचं खरं काम मयतीचं. गावात कोणी गेलं की लोक पहिले त्याच्याकडे यायचे. तो मशीन खांद्यावर घेऊन निघायचा आणि सरणाचं लाकूड कापून द्यायचा. त्याचे पैसे तो घेत नसे आणि त्यात खालची आळी, वरची आळी पाहत नसे. गावात स्मशानं दोन, मशीन एकच. नवे कटर आता दोघा-तिघांकडे आले होते, पण ते ठेकेदाराच्या कामावर दूरदूर फिरत. कोणाच्या मरणासाठी गावात थांबलेलं मशीन हेच.

पार्सल आलं तेव्हा मी बाजारात होतो, ते बायकोनं घेतलं. पडद्यासोबत त्या केरळच्या माणसानं न मागता क्लचची एक स्प्रिंगही टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा बसवला, मागच्या अंगणात नेलं आणि दोरी ओढली. धूर झाला, मशीन खोकललं, आणि मग तो आवाज. नव्या कटरचा आवाज चिरका असतो. हा खालून येणारा, भरलेला, छातीच्या हाडांत जाणवणारा. मी ते आडवं केलं, मग पालथं केलं, मग साखळीची पट्टी आभाळाकडे केली. आवाज तसूभर हलला नाही. शेजारची कोंबडी पळाली, भिंतीपलीकडून कोणीतरी काहून एवढा गोंगाट म्हणून ओरडलं. मी तसाच उभा होतो. देवळात कधी माझे डोळे भरून आलेले नाहीत, तिथे आले.

ते चालू झालं म्हणूनच मी ते परत दिलं नाही. बंद राहिलं असतं तर खुशाल देऊन टाकलं असतं.

पुढच्या बाजाराला म्हातारा आला. मी म्हणालो, "पार्ट नाई आला, बाबा." इतकं सहज निघालं की मलाच वाटलं मी खरं बोललो. आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून कितीदा बोलावं लागतं आणि बहुतेकदा ते खरंच असतं. मशीन तेव्हा पडद्यामागे फळीवर होतं, पुसून, तेल लावून. चोरी करतो आहे असं मला वाटत नव्हतं. वाचवतो आहे असं वाटत होतं. म्हातारा पेट्रोलमध्ये कुठलंही तेल टाकेल, साखळी बोथट झाली तरी रेटत राहील, मग एक दिवस पिस्टन जाईल आणि असं मशीन या जिल्ह्यात पुन्हा दिसणार नाही. असं मी स्वतःला सांगायचो. रोज दुकान बंद करून ते खाली काढायचो, हात फिरवायचो, परत ठेवायचो.

पावसाळा आला. मग एक-दोन बाजार म्हातारा आला नाही. आला तेव्हा पिशवी नव्हती. बाकड्यावर बसला आणि पार्टचं विचारलंच नाही.

"बुढी गेली, मिस्त्री," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, सावकाश, जसं कोणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं तसं. पावसाची झड लागली होती. घरोघरची लाकडं भिजलेली. धुऱ्यावर एक वाळलेली बाभूळ उभी होती, जुनी, लोखंडासारखी. ती पाडायची आणि तोडायची तर कुऱ्हाडीनं. माणसं आळीपाळीनं लागली, कुऱ्हाडी उडत होत्या, हाताला फोड आले. ठेकेदाराकडच्या कटरवाल्यांना फोन केले, ते कुठल्या कुठे होते. तोवर त्याची बायको अंगणात, वर ताडपत्री धरलेली, चार कोपऱ्यांना चार जणं. ताडपत्रीत पाणी साचायचं, ते काठीनं उडवायचे. दिवस मावळेपर्यंत असं चाललं.

"गावातल्या समद्याइच्या मयतीले नेली मशीन," तो म्हणाला. "तिच्याच वख्ताले नव्हती."

माझ्या हातात कुठल्याशा पंपाचा व्हॉल्व्ह होता. मी तो पुसत राहिलो. मग माझ्याकडे पाहून, माझी समजूत काढावी तसं तो म्हणाला, "तुमचा दोष नाई. पार्टच नाई आला तं तुमी तरी काय करसान?"

बायको चहा घेऊन पडद्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप त्याच्या हातात दिला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली, सून करते का नीट म्हणून विचारलं. तो गेल्यावर ती मला फक्त एवढंच म्हणाली, "पार्सल म्या घेतलं होतं."  त्यानंतर वृद्धाश्रमाची चेष्टा तिनं सोडली.

लगेच गेलो असतो तर हे लिहिताना थोडं हलकं वाटलं असतं. गेलो नाही. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. म्हातारा येईनासा झाला होता, आणि तो येत नाही याचं मला बरं वाटत होतं. फळीवरच्या मशीनला मात्र हात लावता येईना. एका सकाळी काही न ठरवता ते पोत्यात घातलं, मोटारसायकलला बांधलं आणि निघालो.

म्हातारा दारात बाजेवर बसला होता. पोतं पाहून उठायला लागला. मी पोतं सोडलं. तो म्हणाला, "आला मंग पार्ट."

"लय आधी आला होता, बाबा. म्याच सांगतलं नाई. मशीन मले पायजे होती."

त्यानं मशीनकडे पाहिलं. मुठीवर हात ठेवला. तिथे त्याची बोटं अशी बसली की मला नजर वळवावी लागली. मग त्यानं विचारलं, "बुढी गेली तवा चालू होती?"

"होती."

तो उठून आत गेला.  सून ओट्यावर हरभरा निवडत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत सुपात पाहिलं. ऊन सरकत माझ्या पायावर आलं. निघून जावं असं वाटलं, पण जायचं की थांबायचं हे आता माझ्या हातात नव्हतं.

तो बाहेर आला तो पाण्याचा तांब्या घेऊन. माझ्यापुढे ठेवला. "वढा दोरी," म्हणाला. "माहा खांदा गेला आता."

मी ओढली. मशीन बोललं. तो मान एका बाजूला करून ऐकत होता, डोळे मिटलेले, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला समजलं असतं.  माझ्या मागच्या अंगणात मी उभा होतो तसाच तो उभा होता. बंद कर म्हणून त्यानं हातानं खुणावलं.

"घिऊन जा," तो म्हणाला.

मी म्हणालो की बाबा, ही तुमची आहे, मी ठेवायला आलो.

"माह्याकून चालत नाई अन् पोराले येत नाई. ठिऊन काय करू? तुमी न्या. मयत झाली का फोन करीन, मंग येजा. पानी असो का काई असो. नाई म्हनाचं नाई."

थंडीत पहिला फोन आला. वरच्या आळीतली एक म्हातारी गेली होती. मी पोहोचलो तेव्हा नाल्याकाठी कडुनिंबाचा आडवा पडलेला बुंधा होता आणि माणसं उभी होती. आमचा म्हातारा काठी टेकत आला होता, एका दगडावर बसला होता. लोकांनी मला वाट करून दिली. एकानं माझ्या हातातलं पोतं घेतलं. दुसरा, दुधाच्या गाडीवर असणारा एक जण, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागला की हे वाशिमचे मिस्त्री, बुढ्याच्या मशीनचा पार्ट ह्यायनंच केरळातून शोधून आनला, आजकाल कोन करते एवढं.

म्हाताऱ्यानं गावात तसंच सांगितलं होतं. जे खरं होतं तेवढंच सांगितलं आणि बाकीचं गिळलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो नाल्याकडे पाहत होता. मला तसंच गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं मला चांगलं जमतं. पण त्या बुंध्यासमोर, इतक्या माणसांचा आदर अंगावर घेऊन, माझा हात दोरीकडे जाईना. मी म्हणालो, "पार्ट आला होता, पन म्या लपवला. बुढी गेली तवा ही माह्या घरी तयार होती. बाबायचा तो अख्खा दिवस गेला तो माह्यापायी."

 दुधवाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ज्यांनी त्या झडीत कुऱ्हाड धरली होती ते त्यातच असतील, एकानं आपल्या तळहाताकडे पाहिलं. शेवटी गेलेल्या म्हातारीचा मुलगा पुढे आला. डोक्यावर कोरा पंचा, डोळे सुजलेले.

"मिस्त्री, ते मंग बोला," तो म्हणाला. "माह्या मायले उशीर होऊन राह्यला. कापा."

मी कापलं. बुंधा मोठा होता, अर्ध्यावर पट्टी दाबली जायला लागली, तर कोणीतरी न सांगता पहार घालून तो उचलून धरला. कोण ते मी पाहिलं नाही. फक्त भुसा उडत होता, कडू वासाचा, ताजा, आणि ओंडके एकेक सुटून बाजूला होत होते आणि लगेच उचलले जात होते. काम झाल्यावर मला चहा कोणी विचारला नाही, निघतानाही कोणी बोललं नाही. म्हातारा तेवढा दगडावरून उठला आणि मशीनच्या साखळीला बोट लावून म्हणाला, धार कमी झाली, लावून घ्या.

मला वाटलं, आता फोन येणार नाही.

होळीच्या आधी एका दुपारी आला. म्हाताऱ्याचा नव्हता. दुधवाल्याचा होता. त्यानं रामराम घातला नाही, कसे आहात विचारलं नाही.

"मयत हाये," तो म्हणाला. "येजा."

गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी त्याला सांगितलं, थांबा नाहीतर उद्या या. आणि पोतं शोधायला लागलो, तर बायकोनं ते आधीच पडद्यापाशी आणून ठेवलं होतं.