चाळणीखालचा ढिगारा

वहिनी अजून हसत कबूल करते. लग्न होऊन आली, तेव्हा धाकटा दीर बाबा नदीकाठी बसून माती चाळतोय हे बघून तिला वाटलं, बिचाऱ्याचं सोनंबिनं हरवलंय. सोनं कुठलं, निघायचे ते दगड. हजारो वर्षांपूर्वी त्या काठावर राहिलेल्या माणसांची हत्यारं. पुढे तीही त्याच कामाला लागली. तो चाळायचा, ती जुन्या टूथब्रशने दगड घासायची.

एकतीस वर्षं. बाबाचा हात असा बसलेला की गप्पा छाटता छाटता बोटं हत्यार उचलायची. चाळणीतून खाली पडेल ती नुसती माती, असा त्याचा हिशेब. तिचा घराएवढा ढिगारा झाला.

मग नवं धरण भरायला लागलं आणि खोदकाम गुंडाळायचा हुकूम आला. त्याच आठवड्यात वहिनीने ढिगाऱ्यावर चप्पल झटकली, तर तळव्याला टोचत होतं ते नखाएवढं दगडी पातं. दोघांनी उकरलं, आणखी दोन निघाली.

तो चाळणीकडे बघत राहिला. भोकं मोठी होती.

"भावजी, चूक कोणाची होत नाही?"

"होते की. एकदा, दोनदा."

खोदकामाच्या साहेबांपुढे नाक मुठीत धरून गेला. चार दिवस द्या, ढिगारा परत चाळतो.

"चार दिवसांनी तिथे मासे चाळतील, काका. दगडांचा ट्रक उद्या निघतोय."

संध्याकाळी वहिनीची पिठाची चाळणी घेऊन बसला. त्यातून ओला चिखल कुठला पडायला. सकाळी अर्धा ढिगारा पाण्यात होता, उरलेला डोळ्यांदेखत ढासळत होता.

ट्रकपाशी साहेबांनी ती तीन पाती तळहातावर घेतली. "हे फावड्याने उडालेले टवके."

त्याने एक पातं उचललं आणि साहेबांच्याच खोक्याची सुतळी एका फटक्यात कापली.

"अहो, आत्ता बांधली होती मी," वहिनी म्हणाली.

"टवकाही कापेल," साहेब म्हणाले.

"मग कापा." त्याने फावड्याखालचा एक टवका त्यांच्या हातात दिला. साहेबांनी घासघास घासलं, सुतळीचे नुसते केस निघाले.

"लिहा. बारीक पाती, तीन."

साहेबांनी लिहिलं.

"आणि खोकं वेगळं."

"एवढ्याशा तीन पात्यांना?"

"वेगळं."

साहेबांनी आपली टाचण्यांची डबी रिकामी केली.